चाळीस वर्षे वाट पाहणारी धूळ

प्रयोगशाळेत चंचुपात्रातले पाणी तापवताना स्पिरिटच्या दिव्यावर तिवई ठेवतात आणि तिवईवर एक तारेची जाळी ठेवतात, ती तुम्ही पाहिली असेल. जाळीच्या मध्यभागी एक पांढरा गोल थर असतो. ज्योतीची उष्णता एकाच जागी न लागता सगळीकडे सारखी पसरावी आणि काच तडकू नये, हे त्या थराचे काम. मी नववीत होतो तेव्हा, म्हणजे १९९० नंतरच्या काळात, आमच्या शाळेतल्या जाळ्यांवर हा थर ॲस्बेस्टॉसचा असे. जाळी जुनी झाली की थर कडेने सुटू लागे. मग सरांचे लक्ष नाही असे पाहून नखाने तो टोकरायचा, हा आमचा आवडता उद्योग. त्याचे पापुद्रे निघत, पापुद्र्यांतून सावरीच्या कापसासारखे तंतू निघत, आणि ते पुढच्या बाकावरच्या मुलाच्या मानेवर फुंकरीने उडवता येत.

आम्हाला काहीही झाले नाही. त्या दिवशी खोकला आला नाही, दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरले नाहीत. आम्लाचा थेंब हातावर पडला तर क्षणात कळते, पारा सांडला तर सर ओरडतात. या पांढऱ्या तंतूंबद्दल मात्र कोणी आम्हाला हटकले नाही. हटकण्याजोगे त्यात कोणाला काही दिसतच नव्हते. आता तोच विषय मी महाविद्यालयात शिकवतो, आणि ते का दिसत नव्हते हे मला पदार्थविज्ञानाच्या अंगाने तुम्हाला सांगायचे आहे. कारण ही गोष्ट रसायनापेक्षा आकारमानाची, आकाराची आणि कालावधीची आहे.

दगडाचे सूत

कोणताही दगड हातोडीने फोडला तर त्याचे तुकडे पडतात, कपच्या निघतात. ॲस्बेस्टॉस हा असा दगड आहे की तो फोडला तर त्याचे सूत निघते. ते सूत कातता येते, विणता येते, त्याचे कापड होते, आणि ते कापड विस्तवात टाकले तरी जळत नाही. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘न विझणारा’ असा आहे. प्राचीन काळी दिव्याच्या वाती याच्या करीत. युरोपात अशी समजूत होती की, हे कापड आगीत राहणाऱ्या सॅलॅमँडर नावाच्या प्राण्यापासून मिळते. मार्को पोलोने आपल्या प्रवासवर्णनात ती खोडून काढली आणि हे सूत डोंगरातून खणून काढलेल्या खनिजाचे आहे, असे लिहून ठेवले.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजन ज्यांच्या मुळाशी आहेत अशा सहा तंतुमय खनिजांना मिळून हे नाव दिलेले आहे. त्यांपैकी पांढरे म्हणजे क्रायसोटाइल, निळे म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट ही तीन बाजारात आली. निळ्या आणि तपकिरी जातीचे तंतू सुईसारखे सरळ असतात. पांढऱ्याचे तंतू नागमोडी आणि मऊ असतात, आणि जगात आजवर वापरलेल्या ॲस्बेस्टॉसपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हेच आहे.

पांढऱ्याची रचना मोठी गमतीची आहे. त्याच्या स्फटिकात दोन पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. उन्हात घातलेला पापड आधी वरून सुकतो, वरची बाजू आक्रसते आणि कडा वर वळतात, हे तुम्ही गच्चीवर पाहिले असेल. येथेही तसेच होते. दोन थरांचे माप जुळत नाही म्हणून ते वळत जातात आणि चटईची गुंडाळी व्हावी तशी त्यांची नळी होते. अशा एका नळीची जाडी असते एका मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाइतकी. डोळ्यांना जो एक तंतू दिसतो तो अशा हजारो नळ्यांचा जुडगा असतो.

आता एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्या. केस ओढला तर तो आडवा तुटतो. जाडी तितकीच राहते, लांबी कमी होते. ॲस्बेस्टॉसचा तंतू चोळला, कापला, घासला तर तो उभा चिरत जातो. लांबी बहुधा तशीच राहते, जाडी मात्र कमी कमी होत जाते. आपल्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हवेत उडालेले ॲस्बेस्टॉसचे कित्येक तंतू अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही सर्व दिसत नाहीत.

गुण मात्र किती! जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही, वीज वाहून नेत नाही, पोलादाच्या तारेइतका ताण सहन करतो, आणि स्वस्त. वाफेचे यंत्र आल्यावर बॉयलर आणि नळ्या यांच्याभोवती गुंडाळण्यासाठी त्याची मागणी एकदम वाढली. पुढे आगगाडीची इंजिने, जहाजे, मोटारींचे ब्रेक, नाट्यगृहांचे पडदे, भट्टीवर काम करणाऱ्यांचे हातमोजे, सगळीकडे ते शिरले. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातील लुडविग हॅटशेक याने सिमेंटमध्ये हे तंतू मिसळून पातळ पण मजबूत पत्रे करण्याची रीत काढली. आपण ज्यांना नुसते ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो ते हेच.

हवेत तरंगणारी सुई

वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवताना आपण म्हणतो, सर्व वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात, हवेचा रोध सोडून द्या. धुळीच्या बाबतीत हा रोध सोडून देता येत नाही, कारण तिथे तोच सर्वेसर्वा असतो. बारीक कण पडू लागला की लवकरच हवेचा रोध त्याच्या वजनाइतका होतो आणि पुढे तो एकाच संथ वेगाने उतरत राहतो. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की वेग पाव होतो. एक मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब अगदी स्तब्ध हवेत दोन मीटर खाली यायला (तो वाळून जात नाही असे धरू) सुमारे सोळा तास लागतील. ॲस्बेस्टॉस पाण्याच्या अडीच पट घन आहे, त्यामुळे तेवढ्या जाडीचा तंतू काहीसा लवकर उतरेल. पण ‘लवकर’ म्हणजे येथेही तासच मोजायचे. आणि स्तब्ध हवा असते कुठे? कोणी चालले, पंखा लागला, केरसुणी फिरली की तो पुन्हा वर.

आता हिशेब करून पाहा. कारखान्यातली हवा एका गाळणकागदातून ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे तंतू मोजतात. मोजण्याचा नियम असा की, पाच मायक्रॉनपेक्षा लांब, तीन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जाडीच्या निदान तिप्पट लांबी असलेला तंतूच गणतीत धरायचा. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये जे नियम आले त्यांच्या काळात पांढऱ्या ॲस्बेस्टॉससाठी दर घन सेंटिमीटर हवेत दोन तंतू ही मर्यादा धरली जाई. दोन तंतू! ऐकायला किती किरकोळ वाटते. कष्टाचे काम करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. एका घनमीटरात दहा लाख घन सेंटिमीटर. म्हणजे ‘मर्यादेत’ राहूनसुद्धा एका पाळीत दोन कोटी तंतू. एकक बदलले की संख्येचा चेहरा कसा बदलतो ते वहीत मांडून पाहा.

या दोन कोटींपैकी बहुतेक परत बाहेर जातात. आपले शरीर काही असे तसे यंत्र नाही. मोठे कण नाकातच अडकतात. पुढे गेलेले श्वासनलिकेच्या चिकट आवरणाला चिकटतात आणि तिथले सूक्ष्म रोमक त्यांना हळूहळू वर ढकलून देतात. पण ओढ्याच्या पाण्यात पडलेली काडी जशी प्रवाहाच्या दिशेला वळते आणि दगडांमधल्या फटीतून अलगद निघून जाते, तसा हा तंतू हवेच्या झोताला समांतर होतो. तो किती लांब आहे याला मग महत्त्व राहत नाही. जाडी एका मायक्रॉनहून कमी असल्याने तो फाट्यांमागून फाटे ओलांडत थेट फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांत पोचतो.

तिथे रोमक नाहीत. तिथे पहारा असतो भक्षक पेशींचा. कोणताही परका कण आला की या पेशी त्याला वेढून गिळतात आणि विरघळवण्याचा प्रयत्न करतात. अशी एक पेशी असते पंधरा-वीस मायक्रॉनची, आणि तंतू असतो तीस-चाळीस मायक्रॉन लांब. सापाने उंदीर गिळावा तो त्याचा घासच. पण त्याने काठी गिळायला घेतली तर? तोंड मिटत नाही, काठी जिरत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती पेशीतील जहाल रसायने बाहेर सांडतात, ती आसपासच्या निरोगी पेशींना जाळतात. ती पेशी मरते. मग दुसरी येते. तंतू तिथेच असतो. जे दिव्याच्या ज्योतीत टिकले ते शरीराच्या ऊबेत टिकणारच.

ज्या गुणासाठी आपण ॲस्बेस्टॉस खणून काढले तोच गुण, न बदलता टिकून राहणे, फुप्फुसात जाऊन आजाराचे कारण होतो.

रॉचडेलची नेली

इंग्लंडमधील रॉचडेल या गावात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कारखान्यात काम करी. १९२४ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती वारली. शेवटची काही वर्षे तिला धाप लागे, काम होत नसे. नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण असा आजार कायद्याच्या यादीतच नव्हता आणि कारखान्याने जबाबदारी नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी केली. त्यांना तिथे जागोजाग व्रणांचे जाळे दिसले आणि त्यात खनिजाचे टोकदार कण रुतलेले दिसले. त्यांनी तो वृत्तांत त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापला, आणि १९२७ मध्ये या आजाराला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले.

खरे तर याच्याही आधी, १८९८ मध्ये, ब्रिटनच्या स्त्री कारखाना-निरीक्षकांनी आपल्या अहवालात या धुळीचे काचेसारखे अणकुचीदार कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून धोक्याची सूचना दिली होती. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस या दोघांनी ३६३ कामगारांची तपासणी केली तेव्हा ९५ जणांच्या फुप्फुसांत व्रण आढळले. वीस वर्षांहून अधिक नोकरी झालेल्यांत तर दर पाचांपैकी चार जणांना तो आजार होता. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. नव्या कामगारांत आजार जवळजवळ नव्हता. एखाद्या पाहुण्याने कारखान्यात एक फेरी मारली असती तर त्याला धडधाकट तरुण माणसेच काम करताना दिसली असती. आजारी पडणारे काम सोडून घरी गेलेले असत.

ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुसांचा मऊपणा जातो. जुन्या सायकलची ट्यूब कडक होऊन फुगेनाशी व्हावी तशी ती होतात. पण पुढे कळले की याच्याहून वाईट अजून शिल्लक आहे. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी दाखवले की अशा कारखान्यात वीस वर्षांहून जास्त काम केलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग इतरांच्या सुमारे दहा पट होतो. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी एक वृत्त आले. आपल्या फुप्फुसांभोवती एक पातळ दुपदरी आवरण असते. त्याचा ‘मेसोथेलिओमा’ नावाचा कर्करोग इतका दुर्मीळ की, कित्येक डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलेला नसे. आणि ख्रिस वॅग्नर व त्यांचे सहकारी तर निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले ३३ रोगी एकदम मांडत होते! एक सोडून सर्वांचा त्या खनिजाशी कधी ना कधी संबंध आलेला होता. त्यांतले सगळे खाणकामगार नव्हते. काही जण नुसते लहानपणी खाणीजवळ राहिले होते, तिथल्या ढिगाऱ्यांवर खेळले होते. तेव्हापासून पुष्कळ वर्षे लोटली होती.

निळ्या वाळूचे गाव

खेळण्याची गोष्ट निघाली म्हणून विटनूमची हकीगत सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा नावाच्या ओसाड, उष्ण भागात निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९४३ मध्ये सुरू झाली. जवळच कामगारांसाठी गाव वसवले : घरे, शाळा, दवाखाना, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. खाणीतून दगड काढून तंतू वेगळे केले की उरलेला चुरा पडे. त्यातही बारीक तंतू राहतच. हा चुरा फुकट मिळे आणि दिसायला छान निळसर करडा. म्हणून तो रस्त्यांवर पसरला, विमानतळावर पसरला, शाळेच्या पटांगणात आणि घरांच्या अंगणात पसरला. तिथली तांबडी धूळ उडू नये हा हेतू. मुले त्यात किल्ले करीत, आपल्याकडे बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात करतात तसे.

१९४८ मध्ये डॉ. एरिक सेंट या तरुण डॉक्टरांनी तिथली धूळ पाहिली आणि आरोग्य खात्याला कळवले की, जगात कुठे झाले नसतील इतके ॲस्बेस्टॉसिसचे रोगी ही खाण निर्माण करील. डॉ. जिम मॅकनल्टी यांनी १९५९ पासून पुन्हापुन्हा तेच बजावले. गावातल्या लोकांना मात्र समोर काय दिसत होते? पगार चांगला, मुले हसतखेळत, कोणी आजारी नाही. खाण १९६६ मध्ये बंद झाली ती धंद्यात नफा राहिला नाही म्हणून.

मग माणसे पांगली. कोणी पर्थला गेले, कोणी परत इटलीला. आणि १९७०, १९८०, १९९० ही दशके उलटत गेली तशी ती आजारी पडू लागली. खाणीत सुमारे सात हजार माणसांनी काम केले होते, गावात मिळून वीस हजार लोक कधी ना कधी राहून गेले होते. त्यांतले दोन हजारांहून अधिक या धुळीपायी दगावले. तिथे लहानपण गेलेल्या सुमारे अडीच हजार मुलांचा माग संशोधकांनी ठेवला आहे. मोठेपणी त्यांच्यातही मेसोथेलिओमा आढळला, आणि त्यांनी तर एक दिवससुद्धा खाणीत काम केलेले नव्हते. २००७ मध्ये सरकारने विटनूमचे नाव अधिकृत नकाशावरून काढले. सुमारे तीस लाख टन चुरा अजून तिथल्या घळीत पडून आहे.

असे ढीग आपल्या देशातही आहेत. झारखंडमध्ये चाईबासाजवळच्या रोरो टेकड्यांत ॲस्बेस्टॉसची खाण होती. ती १९८३ मध्ये बंद झाली. चुरा डोंगरउतारावर तसाच राहिला.

आणखी एक वृत्त मला फार दिवस सोडवत नव्हते. १९६५ मध्ये लंडनच्या न्यूहाउस आणि टॉम्प्सन यांनी मेसोथेलिओमाच्या ७६ रोग्यांची पूर्वपीठिका शोधली. नऊ जण असे निघाले की, त्यांनी स्वतः कधी ॲस्बेस्टॉसला हात लावला नव्हता. घरातले कोणीतरी त्या कारखान्यात होते. त्यांतल्या बहुतेक बायका होत्या, आणि त्यांनी कामगाराचे धुळीने भरलेले कपडे घरी धुतले होते. धुण्याआधी कपडा झटकतात, हे तुमच्या आईला विचारायला नको.

गुणाकार

तुमच्यापैकी जे चोरून सिगारेट ओढण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी हे एक गणित. अमेरिकेत हॅमंड, सेलिकॉफ आणि सीडमन यांनी सुमारे १७,८०० ॲस्बेस्टॉस-कामगारांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्याने धूम्रपान केले नाही आणि ॲस्बेस्टॉसचे कामही केले नाही, त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका १ धरू. नुसते ॲस्बेस्टॉस असेल तर तो सुमारे ५, नुसते धूम्रपान असेल तर सुमारे ११. दोन्ही असतील तर किती? बेरीज करणारे म्हणतील पंधरा-सोळा. प्रत्यक्षात आला सुमारे ५३. पाच गुणिले अकरा पंचावन्न, म्हणजे हा जवळपास गुणाकार झाला. ‘थोडे हेही, थोडे तेही’ असे म्हणणाऱ्याचा हिशेब इथे साफ चुकतो. (मेसोथेलिओमाच्या बाबतीत मात्र धूम्रपानाने फरक पडत नाही. तो ॲस्बेस्टॉस एकट्याने घडवते.)

तुम्ही विचाराल, इतके सगळे १९६० च्या दशकात कळले होते तर मग ते थांबले का नाही? एक कारण पैशाचे, ते उघड आहे. कंपन्यांनी माहिती दाबली, तज्ज्ञांना खोटे पाडण्याचा प्रयत्न केला, हे पुढे न्यायालयांत कागदपत्रांनिशी बाहेर आले. पण दुसरे कारण काळाचे आहे. ॲस्बेस्टॉसिस दिसायला साधारण दहा-वीस वर्षे लागतात, फुप्फुसाच्या कर्करोगाला पंधरा ते पस्तीस, मेसोथेलिओमाला तीस-चाळीस किंवा त्याहूनही अधिक. ब्रिटनमध्ये निळे आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ मध्ये बंद झाले, पांढरे १९९९ मध्ये. तिथे १९६८ मध्ये मेसोथेलिओमाने १५३ माणसे मरण पावली. आणि २०१० नंतरच्या दशकात, जेव्हा एक पोतेही आयात होत नव्हते, तेव्हा दरवर्षी सुमारे २,५०० मरत होती. ती १९६०-७० च्या सुमारास श्वासाबरोबर आत गेलेली धूळ होती. आपण रात्री दूरचा तारा पाहतो तो आजचा नसतो, पूर्वी कधीतरी निघालेला प्रकाश आज पोचलेला असतो, तसेच हे.

यातून एक घोटाळा होतो आणि तो मुद्दाम सांगतो, कारण शिकलेली माणसेही त्यात फसतात. ‘आमच्याकडे असे रोगी फारसे सापडत नाहीत, तेव्हा आमच्याकडे धोका नाही’ असे म्हटले जाते. ज्या देशात कामगार आज या कारखान्यात, उद्या त्या बांधकामावर, परवा गावी परत असा फिरतो, जिथे त्याची नोंद कुठेच राहत नाही आणि धाप लागली की क्षयाची शंका आधी येते, तिथे रोगी कसे सापडणार? मोजमाप न करता आलेल्या शून्याला प्रयोगवहीत आपण निष्कर्ष म्हणून लिहीत नाही. दुसरा युक्तिवाद असा की, पांढरे ॲस्बेस्टॉस निळ्यापेक्षा शरीरात लवकर झिजते. हे बरेचसे खरे आहे. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्व जातींना, पांढऱ्यासकट, कर्करोगकारक ठरवले आहे, आणि अमुक प्रमाणाखाली धोका नाही अशी रेषा जागतिक आरोग्य संघटनेला आखता आलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा तिचा अंदाज आहे.

आपल्या डोक्यावरचे पत्रे

साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केले आहे. आइसलंडने १९८३ मध्ये सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेने २००८ मध्ये, आणि एकेकाळी जगाला पांढरे ॲस्बेस्टॉस पुरवणाऱ्या कॅनडाने २०१८ मध्ये ते बंद केले. आपल्याकडे पांढरे ॲस्बेस्टॉस परदेशांतून येते आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जाते. २००६ मध्ये ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची मोडीत काढलेली विमानवाहू नौका गुजरातच्या अलंग बंदराकडे निघाली होती, तेव्हा तिच्या पोटातल्या ॲस्बेस्टॉसवरून मोठा गदारोळ झाला आणि फ्रान्सला ती वाटेतून परत बोलवावी लागली. ते योग्यच झाले. पण आपण स्वतः जे विकत घेऊन घरांवर घालतो त्याची चर्चा तेवढी होत नाही.

इथे घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पत्र्यात तंतूंचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि ते सिमेंटने धरून ठेवलेले असतात. अखंड पत्रा डोक्यावर आहे म्हणून आजार होईल असे नाही. धोका उद्भवतो तो पत्रा करवतीने कापताना, त्याला भोक पाडताना, तो फोडताना, जुन्या पत्र्याचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासताना. पाऊस तोंडावर आला की कोकणात, घाटावर, शहरांतल्या वस्त्यांत ही सगळी कामे घाईने चालतात. ज्याच्या घरावर कौले घालण्याइतका पैसा नाही आणि लोखंडी पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो, त्याने हा पत्रा घेतला तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र पत्र्याला हात लावावाच लागला तर तो आधी पाण्याने भिजवावा, करवत चालवू नये, फोडू नये, जवळ मुले असू नयेत, आणि पडलेला चुरा कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपावा. त्या दिवसाचे कपडे न झटकता वेगळे भिजवावेत. हे सर्व नियम कुठून आले ते आता तुम्हाला सांगायला नको. हवेचा रोध आणि व्यासाचा वर्ग आठवा. नाकाला रुमाल बांधून मात्र भागत नाही. रुमालाच्या विणीतली भोके तंतूपेक्षा कितीतरी मोठी असतात.

जे लोक रोज हेच काम करतात त्यांच्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी एका जनहित याचिकेवर निकाल दिला. त्यात ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा ती सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश आहे. विसाव्या वर्षी कामाला लागलेल्याची वही निदान साठाव्या वर्षापर्यंत. न्यायालयाने चाळीस हा आकडा का घेतला असेल, ते तुम्ही वर वाचलेलेच आहे. ही वही किती ठिकाणी खरोखर ठेवली जाते हा प्रश्न वेगळा. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या माणसाचे तर हजेरीपुस्तकही वर्षभर टिकत नाही.

हल्ली मिळणाऱ्या नव्या जाळ्यांवरचा पांढरा थर चिनीमातीसारख्या पदार्थाचा असतो. पण जुन्या शाळांच्या कपाटांत जुन्या जाळ्या अजून असू शकतात, तेव्हा थर सुटत असलेली जाळी दिसली तर तिला हात न लावता सरांना दाखवा. आमच्या विभागाच्या कपाटात गेल्या वर्षी अशा अकरा सापडल्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी त्या नेहमीप्रमाणे आपटून धूळ झाडायला घेतल्या होत्या, त्यांना थांबवले. जाळ्यांवर पाणी शिंपडले, त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, एकात एक अशा दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडे चिकटपट्टीने बंद केली. घातक कचरा ठेवून घेणारी केंद्रे आपल्या राज्यात तळोजे, रांजणगाव अशा ठिकाणी आहेत, पण अकरा जाळ्यांसाठी गाडी कोण पाठवणार, असा पत्रव्यवहार चालू आहे. तोवर ते पुडके वरच्या फळीवर आहे. मामांनी त्यावर चिठ्ठी लावली आहे : ‘ॲस्बेस्टॉस. उघडू नये.’ खाली तारीख.